कोटाला लागलेली फोडणी

आमच्या हिंगाच्या फोडणीचा वास जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमधून निघतो, ऱ्हाइन नदी पोहून पलीकडे जातो आणि तिथल्या पोलिसांना शिंका आणतो, हे मी शपथेवर सांगतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मात्र फक्त घरमालकांकडे तक्रार केली. घराचा करार संपत आला होता. तो वाढवायचा की आम्हाला काढायचं, हे घरमालक म्हातारबुवा स्वतः येऊन ठरवणार होते. इथे दुसरं घर मिळवण्यापेक्षा चंद्रावर प्लॉट घेणं सोपं.

म्हातारबुवा मूळचे इराणी, फारसी कवितेचे वेडे. कवितेत गुलाब असतोच, म्हणून मी लग्नातल्या गुलाबाच्या अत्तराची अख्खी कुपी पडद्यांवर आणि सोफ्यावर ओतली.

"अहो, वऱ्हाड उतरवायचंय का इथे?" बायको खोकत म्हणाली.

म्हातारबुवांनी कोट खुंटीला अडकवला आणि ते तिथेच थबकले.

"आमच्या कवितेत सुगंध म्हणजे निरोप," ते जर्मनमध्ये सावकाश म्हणाले. "पहाटेचा वारा प्रियेच्या केसांतली कस्तुरी आणतो, तेव्हा कळतं, ती आहे कुठेतरी. हरवलेल्या मुलाच्या सदऱ्याच्या वासानं आंधळ्या बापाला दिसू लागतं. आल्झो, म्हणजेच, तुमचं अत्तर सांगतंय की या घरात काहीतरी लपवलंय. बुरशी कुठे आहे?"

भिंतीवरची बुरशी! जर्मनीतल्या घरमालकाला घरात वाघ पाळलेला चालेल, बुरशी नाही. ते कपाटामागे वाकून हुंगू लागले, बाथरूमचे कोपरे नखाने खरवडू लागले. मनातल्या मनात मी सामान बांधून स्टेशनवर पोचलोही होतो.

"बुरशी नाही, फोडणी लपवतोय आम्ही," बायकोने सांगूनच टाकलं. खिडक्या सताड उघडून तिने कढई चढवली. "हुंगा आणि ठरवा."

तेल तापलं. फोडणीआधी सगळे कोट बेडरूममध्ये कोंडायचे, हा इथल्या आम्हा मराठी घरांचा नेम. नाहीतर ऑफिसात शेजारचा माणूस टेबल उचलून पळतो. मी म्हातारबुवांच्या कोटाकडे धावलो.

"राहू दे तो तिथेच," म्हातारबुवा म्हणाले.

मोहरी तडतडली, हिंग पडला. म्हातारबुवा डोळे मिटून उभे.

"बायको गेल्यापासून माझ्या घराला वासच नाही," ते अखेर म्हणाले. "करार पाठवतो. स्वयंपाकघराचं दार लावत जा, खालच्या बाईंसाठी. आणि ते अत्तर पुन्हा नको."

ते गेल्यावर मी जिन्यात डोकावलो. अर्ध्या वाटेत थांबून ते कोटाची बाही हुंगत होते.