नसलेल्या निऱ्या

मोरीपाशी पाणी साचलं होतं. ते ओलांडताना माझा डावा हात आपोआप खाली गेला आणि त्यानं निऱ्या उचलल्या. अंगात मात्र पँट होती.

सातवीत शाळा सोडून मी दशावतारी नाटकात गेलो आणि पुढं वीस वर्षं राण्या केल्या. आता घरापासून लांब, बडोद्यात, एका खानावळीत पोळ्या लाटतो. इथं हे कुणाला सांगितलं नव्हतं. हसतील, कामावरून काढतील, ही धास्ती. पण तोंड गप्प ठेवलं तरी हात कसा गप्प बसणार? त्याची सगळी शाळा तीच.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या शांताकाकूंनी पाहिलंच. "काय रे, लुगडं भिजलं का?"

मी घाबरत सगळं सांगून टाकलं. काकू हातातलं लाटणं ठेवून आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या निऱ्या धरून म्हणाल्या, "राणी ना तू? मग एवढंच उचलून काठ भिजेल की! अजून चार बोटं वर धर."

किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं. बाई मी कधीच नव्हतो, पण तिची ही सवय माझीच आहे, चोरीची नाही.

काकूंचे उपकार. आता मोरीपाशी मी चार बोटं वर धरतो. काठ अजून कोरडा आहे.