वरचं कोरडं तूस

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, देवाला तर अजिबातच नाही — त्याला ठाऊक असेलच म्हणून. तुम्हाला सांगते, पण आधी बदकांबद्दल ऐका, कारण ती फार गोड होती आणि मला थोडा वेळ काढायचा आहे.

ऐंशी सालाच्या आगेमागे आमच्या आसगावच्या घरात धाकटी जाऊ आली, पुष्पा. आंधळगावची. हसरी, आणि कामाला भारी उरक. लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच, ऐन थंडीत, तिच्या भावानं टोपलीभर बदकाची पिल्लं आणून दिली — नुकती अंड्यातून निघालेली, पिवळीधमक. आई बरोबर नाही. मग ऊब द्यायची कोणी? पुष्पानं आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बांबूचा तट्टा गोल वळवून उभा केला, आत धानाचं तूस पसरलं, आणि वर तेलाचा डबा कापून त्यात बल्ब टांगला. पिल्लं बल्बखाली ढीग करून बसली की डबा खाली, लांब पळाली की डबा वर. दिवसभर तोच खेळ. सासऱ्यांनी आपल्या जेवणाच्या जागेवरचा बल्ब बदकांना दिला आणि स्वतः चिमणीच्या उजेडात जेवले. एवढे लाड!

पण बदक म्हणजे पाण्याचं वेड. थाळीत गोटे ठेवले तरी चोच बुडवणार, मान झटकणार, तूस भिजवणार, वर घाण करणार. पुष्पा रोज सकाळी ओलं तूस उपसायची, जमिनीवर राख भुरभुरायची, नवं तूस घालायची, थाळी घासायची. मग ती भावाच्या लग्नासाठी माहेरी गेली. जाताना म्हणाली, "बाई, तूस रोज बदलवा जी. वरून पाहू नोका, खालवरी हात घालून पाहा."

घातला का मी हात? — नाही. मला त्या वासाची किळस यायची. मी रोज ओल्यावरच सूपभर कोरडं तूस टाकत गेले. दिसायला कसं झकास! सासू डोकावली की थोरलीचं कौतुक. वरून कीर्तन, आतून तमाशा.

पुष्पा परतली ती सांजेला, सर्दीनं नाक चोंदलेलं. आल्या आल्या तट्ट्याशी बसली आणि एकेक पिल्लू उचलून गालाला लावलं.

सकाळी मी आधी उठले. निम्मी पिल्लं मेलेली. खाली हात घातला — तेव्हा घातला! — तर गार चिखल. मी तो सगळा उकिरड्यावर नेऊन टाकला, नवं तूस अंथरलं, आणि मगच ओरडले. आधी साफसफाई, मग आरडाओरड. हे मी विसरत नाही.

सासू धावत आली. "कालवरी तं मजेत होते. काहून मेले वं?"

आणि मी — माझ्याच तोंडानं — म्हणाले, "पुष्पानं काल सगळ्याइले हातात घेतलन."

एवढंच. त्यात खोटं काय होतं? एक अक्षर नाही. पण ते कुठे जाऊन लागणार, हे मला पक्कं माहीत होतं. आमच्याकडे एखाद्याच्या हाताला यश असतं, एखाद्याच्या नसतं. सासू पुष्पाच्या हातांकडे बघत राहिली. उरलेली पिल्लं माझ्याकडे आली, आणि भीतीपोटी मी त्यांची अशी काही झाडलोट केली की सगळी जगली, माझ्यामागे रांगेनं बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाण्यापर्यंत चालू लागली. थोरलीचा हात लाभतो! गावभर झालं. कोंबडी खुडूक बसली की बाया अंडी माझ्या हातानं ठेवून घेऊ लागल्या. एकदा सगळी अंडी सडली, तर दोष कोंबडीला. खरं सांगू? — मला मजा यायची.

आणि पुष्पाचं काय गेलं? आमच्या घरची रीत अशी की पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकताना पहिल्या वर्षी नव्या सुनेनं पहिली मूठ टाकायची. त्यासाठी तिनं माहेरचं हिरवं लुगडं जपून ठेवलं होतं. सासूनं ती मूठ मला दिली. पुष्पा बियाण्याची टोपली धरून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहिली, त्याच हिरव्या लुगड्यात. तेव्हा तरी मी बोलायचं होतं की नाही? बोलले नाही. लाज वाटत होती, पण मुठीचा मान त्याहून गोड लागत होता.

पुढे सासू गेली, वाटण्या झाल्या. पुष्पाला तिच्या वाट्याची बांधी, धानाचं शेत, मिळाली. आता तिला अडवणारं कोणी नव्हतं. मला वाटलं, सुटले. पेरणीच्या सकाळी ती माझ्या दारात उभी, नेहमीसारखी हसत.

"चला बाई, मूठ तुमीच टाका. माह्या हाताले यश नाही."

तिला ते खरंच वाटत होतं. मी गेले. मूठ टाकली. धान चांगलं पिकलं, आणि तिनं ते माझ्याच हाताचं म्हणून गावाला सांगितलं.

पिल्लं ओल्या तुसानं मेली, आणि ते तूस मी बदललं नव्हतं. पुष्पा दरवर्षी बोलवत राहिली. मी दरवर्षी जात राहिले.