कोट परत येईपर्यंत

गुरुवार, दुपारी चार, वैनगंगेचा घाट, देवरामभाऊंचा अंत्यविधी. हजर: त्यांची मुलगी सुनंदा, जावई, आमच्या गल्लीतले चौदा जण आणि मी. सर्वांत शेवटी शेजारचा बाबूलाल आला, राजेगावच्या बसमधून उतरून थेट, अंगात करडा कोट. घाटावरच्या अनोळखी माणसांनी त्यालाच घरातला मोठा माणूस समजून पुढे वाट करून दिली.

तो कोट देवरामभाऊंच्या हातचा. ते शिंपी. शर्टाला कायम दोरे चिकटलेले, पायात झिजलेली चप्पल. काही वर्षांपूर्वी ते दवाखान्यात गेले, तर शिपायाने संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने न नेलेला हा कोट घालून गेले, तर त्याच शिपायाने खुर्ची पुढे केली. परत येऊन हसत म्हणाले, "वैनी, आजार तोच, माणूस तोच. पण त्यानं मले वळखलंच नाही!" मग त्यांनी कोटाला आतून बंद लावले, जाड्याला सैल, बारक्याला घट्ट. कचेरी, बँक, दवाखाना, सोयरीक... गल्लीतल्या कोणीही न्यावा. वही माझ्याकडे: नाव, काम, परत कधी.

त्या मंगळवारी सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. "छातीत जड जड लागून राह्यलं वैनी. दवाखान्यात जाऊ का?"

मी वही उघडली. कोट बाबूलालकडे, मुलीच्या सोयरिकीसाठी, परत गुरुवारी. म्हटलं, "असेच गेलात तर पुन्हा बाकावर बसवतील. शुक्रवारी जाऊ. नाव लिहून ठेवते."

"हौ, लिहा. अन् बाबूलालले सांगजा, कोटावर पाहुणचाराची भाजी सांडवू नको म्हणा."

गुरुवारी पहाटे ते गेले.

आपण शिपायाला बनवतो, असं इतकी वर्षं मला वाटायचं. त्या सकाळी मात्र मीही त्यांचा दोऱ्यांचा शर्टच पाहिला. छातीवर ठेवलेला हात मला आता आठवतो...

कटंगीला सासरी परतताना सुनंदा माझा हात धरून म्हणाली, "बाबा हट्टीच होते काकू. दवाखान्याचं नाव काढलं का आयकतच नव्हते. तुमचं तरी कुठी आयकलं असन?"

मी होकारार्थी मान डोलावली.

हे छापून येण्याआधी कटंगीला जाऊन तिला खरं सांगायचं आहे. बस सकाळी साडेसातला सुटते. चार रविवार झाले, मी गेलेली नाही.