हफीतच्या डोंगरावर व्हिसा

मला डोंगर चढायची हौस नाही. वसईच्या किल्ल्यातही मी तटाच्या सावलीत बसणारा. तरी एप्रिलातल्या एका शनिवारी सकाळी बायकोला घेऊन आखातात, ओमानच्या सीमेलगत, अल ऐनजवळच्या जबल हफीतची धार चढत होतो. कारण माझी नोकरी गेली होती, व्हिसा रद्द झाला होता आणि हे तिला घरात सांगायची छाती होत नव्हती. वर मोकळ्या हवेत जीभ सुटेल असं वाटलं.

जीभ सुटली, पण भलत्याच विषयावर. पायथ्याशी दगडी घुमटांची थडगी आहेत, पाच हजार वर्षांपूर्वीची. त्यांत दूरदेशीची मडकी सापडली, म्हणजे तेव्हाही इथे बाहेरचा माल यायचा, तोही बिनव्हिसाचा, असं मी धापा टाकत सांगत राहिलो. बायको नर्स आहे. तिचं लक्ष इतिहासापेक्षा माझ्या श्वासाकडे होतं.

धारेच्या माथ्याजवळ पोचलो आणि फोनवर मेसेज आला, ओमानमध्ये आपलं स्वागत आहे. माझी पाचावर धारण बसली. रद्द व्हिसावर देशाबाहेर पाऊल पडलं, आता परत येणं खलास, एवढंच डोक्यात आलं. मी वळलो आणि निम्मा उतार पायांनी, निम्मा बसूनच उतरलो. त्यात पँट फाटली.

ती सावकाश खाली आली. "अरे, तिकडच्या टॉवरची रेंज पकडली, बस. बॉर्डर अजून पुढे आहे. इतकं काय घाबरायचं?"

"तुला काय, तुझा व्हिसा शाबूत आहे. माझा कॅन्सल झालाय. जॉब गेला."

तिने पाण्याची बाटली पुढे केली. मला इतकी लाज वाटली की रडूच आलं.

"कधी?"

"अकरा दिवस झाले."

"माझ्या व्हिसावर घेते तुला. फॉर्म मी भरते." वीस वर्षांपूर्वी तिला मी माझ्या व्हिसावर इथे आणलं, हे मी दर पार्टीत ऐकवत आलोय. तिने त्यातलं काही काढलं नाही. "पण रोज ऑफिसच्या टायमाला कुठे जात होतास?"

"मॉलच्या पार्किंगमध्ये. गाडीत बसायचो."

"या उन्हात?" तिने माझी नाडी धरली. "सोमवारपासून घरी बस. ड्यूटीवर जाताना मी एसी चालू ठेवून जाईन."