ऑर्विलचं एक वाक्य

ऑर्विल टास्कर हॉलिवूडमध्ये वीसेक वर्षं गर्दीत उभा राहिला. कधी बाजारात, कधी कोर्टात, कधी राजाच्या दरबारात. गर्दीतल्या माणसाने बोलायचं नसतं. नटाचं बोलणं स्वच्छ टिपलं जावं म्हणून नुसते ओठ हलवायचे. ऑर्विलचे ओठ असे हुबेहूब हलत, की सोबतचे म्हणत, "बाबा, देवाने तुला तोंड दिलं आणि आवाज स्वतःकडेच ठेवला!"

बायको हेस्टर प्रत्येक सिनेमात त्याला हुडकून काढायची. "ते बघा, घोड्यामागे कान दिसतोय ना, तो आमचा!" असं शेजारच्या प्रुइटबाईंना सांगायची. पण दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी तिची दृष्टी गेली. डॉक्टर झाले, नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या. देवाच्या मनात नव्हतं.

त्याच सुमारास स्टुडिओने तत्त्वज्ञानाची एक जाडजूड कादंबरी सिनेमासाठी घेतली. लढाईहून परतलेला तरुण डोंगरावरच्या साधूला विचारतो, "माझा दोस्त गेला. मग मीच का उरलो?" कादंबरीत साधू त्यावर अठरा पानं बोलतो.

"अठरा पानं?" निर्माता पटकथाकार लेंथॉलवर खेकसला. "लोक मक्याच्या लाह्या आणायला उठतील ते परत यायचे नाहीत!"

लेंथॉलने त्या अठरा पानांचं एक वाक्य केलं: "त्याची आठवण कुणीतरी वाहायला हवी होती." आणि चेहरा साधूसारखा म्हणून ते ऑर्विलच्या वाट्याला आलं.

हेस्टरला वाटलं, डोळे नेले पण देवाने कानांची सोय केली. भांडी विसळताना ती त्याच्याकडून वाक्य घोकून घ्यायची.

"पोटातून बोल. आणि 'आठवण' म्हणताना घाई नको."

"दिग्दर्शक तू का?"

"ऐकणार कोण? मी! मग मीच."

चित्रीकरणाच्या दिवशी नायकाने डोळ्यांत पाणी आणून प्रश्न विचारला. ऑर्विलने तोंड उघडलं, वाक्य शेवटपर्यंत म्हटलं. आवाज टिपणाऱ्याने हात वर केला. "काहीच आलं नाही."

नुसते ओठ हलले होते.

"पुन्हा करतो, साहेब. येतं मला." दुसऱ्यांदा तो खणखणीत बोलला. पण लेंथॉल उठून दिग्दर्शकाजवळ गेला. "पहिलंच ठेवा. माझं वाक्य काढा. या मुक्या ओठांपुढे ती अठरा पानंही फिकी आहेत." दिग्दर्शकाने मान डोलावली.

"साहेब, माझी बायको..." असं ऑर्विल म्हणाला, की तेव्हाही ओठच हलले, कोण जाणे. माणसं दिवे हलवायला लागली होती.

घरी सांगायचं त्याच्याने झालं नाही. सिनेमा लागला तेव्हा हेस्टर चर्चला जायची निळी टोपी घालून निघाली, प्रुइटबाईंनाही बरोबर घेतलं. नायकाने प्रश्न विचारला. संगीत थांबलं. हेस्टर ताठ बसली. थिएटरभर शांतता. ऑर्विल तिच्या कानाशी वाकला आणि पोटातून, अजिबात घाई न करता ते वाक्य म्हणाला.

"शूऽऽ! आजोबा, सिनेमा बघू द्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाहेर आल्यावर प्रुइटबाई म्हणाल्या, "अगं हेस्टर, पण ह्यांनी तर एक शब्दही..."

"ऐकलं मी," हेस्टर म्हणाली. "सगळं ऐकलं."

बसच्या थांब्यावर दोघंच उरल्यावर तिने विचारलं, "कापलं ना रे त्यांनी?"

ऑर्विलने मान डोलावली.

हेस्टर वाट बघत राहिली. मग त्याची बाही चाचपत म्हणाली, "तोंडाने बोल रे. मला दिसत नाही."