मॅटिलांच्या पोरीचं कार्ड

माझी सासू अल्बिना पर्को हिच्याबद्दल गावात कुणालाही विचारा, चांगलंच सांगतील. सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती, निम्म्या गावाला तिनं जेवू घातलंय. नाताळात पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरून गुंडाळलेला गोड पाव करते तेव्हा पीठ इतकं पातळ लाटते की खालच्या कापडावरची फुलं दिसतात. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते. सगळं खरं आहे. पण तिच्याबरोबर एका छपराखाली राहायची वेळ त्यांच्यापैकी कुणावर आलेली नाही. माझ्यावर आली.

नवरा ग्रेग नॉर्थ डकोटात तेलाच्या विहिरींवर कामाला गेला, आणि डुलूथचं घर सोडून मी सात वर्षांच्या ज्युनीला घेऊन ऑगस्टमध्ये इथे, मिनेसोटाच्या खाणींच्या पट्ट्यात, सासूच्या दारी आले. "थोडेच दिवस," ग्रेग म्हणाला होता. थोडे दिवस म्हणता म्हणता फेब्रुवारी उजाडला. ज्युनी मुळात अबोल. दोन महिने शाळेच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे एकटी बसायची. मग कायसा मॅटिला नावाची मुलगी एक दिवस तिच्या शेजारी येऊन बसली, आणि तेव्हापासून माझी पोर सकाळी स्वतःहून बूट चढवायला लागली. एवढी एकच मैत्रीण. माझा जीव थाऱ्यावर होता तो त्या मुलीमुळे.

आणि अल्बिनाला नेमकं मॅटिला हे नाव चालत नाही. छत्तीस वर्षांपूर्वी खाणीत संप झाला, पाच महिने चालला. चौथ्या महिन्यात कायसाचा आजोबा, अर्वो मॅटिला, संप मोडून, डबा घेऊन फाटकातून आत कामावर गेला. अल्बिनाचा नवरा स्टॅन बाहेर उभा राहिला तो बाहेरच राहिला. संप मिटल्यावर त्याला परत बोलावलंच नाही. मग रस्त्यावरचं बर्फ काढायची गाडी चालवत एक्कावन्नाव्या वर्षी गेला. अर्वो पेन्शन खातो आणि तळ्याकाठी सॉनाची लाकडी वाफखोली तापवत बसतो. अल्बिना त्यांच्या गल्लीतून जात नाही. किराणा दुकानात अर्वोची सून दिसली तर भरलेली ट्रॉली तिथेच सोडून बाहेर येते. तिचं दुःख मला कळतं. पण तिनं ते लोणच्यासारखं मुरवत ठेवलंय आणि रोज सगळ्यांच्या ताटात वाढते.

व्हॅलेंटाईनच्या आठवड्यात ज्युनीच्या बाईंनी वर्गातल्या वीस मुलांची यादी घरी पाठवली. वर चिठ्ठी होती: कार्डं आणायची तर सगळ्यांसाठी आणा, एकालाही वगळू नका. दुकानात तयार कार्डांचा डबा मिळतो, पण अल्बिनाच्या मते तो आळशी बायकांसाठी असतो. मी हॉस्पिटलच्या धुलाईघरातून चारला परत आले तर दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेल्या. लाल कागदाची हृदयं, मध्ये कात्रीनं कोरलेलं कार्नेशनचं फूल, कडेला जाळी. ज्युनी जिभेचं टोक बाहेर काढून गोंद लावत होती. सासूच्या हातात कला आहे, हे कबूल करायला मला आवडत नाही.

मी कार्डं मोजली. एकोणीस. यादीत कायसाच्या नावावर काळ्या मार्करनं जाड रेघ मारलेली होती.

"एक राहिलं," मी म्हणाले.

"राहिलं नाही. केलं नाही."

"चिठ्ठी वाचलीत ना? सगळ्यांना द्यायचंय."

"बाईंचं काय जातंय? कालपरवा मिनियापोलिसहून आल्या." तिची कात्री थांबली नाही. "माझ्या टेबलावर त्या संपफोड्याच्या घरासाठी कागद कापला जाणार नाही."

"ती सात वर्षांची आहे हो. तेव्हा तिचा बापसुद्धा पाळण्यात होता."

"आणि माझा ग्रेग? तोही पाळण्यातच होता. शेजाऱ्यांनी दिलेलं दूध पीत होता."

"तुमचं वैर तुमच्यापाशी ठेवा. माझ्या मुलीला एकच मैत्रीण आहे."

"मग दुसरी शोध म्हणावं. गावात काय मुलींचा दुष्काळ पडलाय?"

"तुम्हाला तो म्हातारा हवाच आहे, अल्बिना. तो मेला तर तुम्ही दिवसभर करणार काय?"

"पोतित्सा करीन, सूनबाई. तुलाही देईन एक तुकडा."

ज्युनी गोंदाची बाटली हातात धरून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "आजी, संपफोड्या म्हणजे काय?"

"आपल्या माणसांना बाहेर थंडीत सोडून जो आत जातो, तो."

त्याच वेळी मी मुलीला तिथून उचलून न्यायला हवं होतं. पण मी अल्बिनाला उलट काय सुनावू याचा विचार करत होते.

संध्याकाळी मी खोलीत बसून विसावं कार्ड स्वतः कापलं. उंदरानं कुरतडल्यासारखं झालं, तरी झालं. त्यावर कायसाचं नाव घातलं आणि ज्युनीच्या दप्तरात बाकीच्यांमध्ये सरकवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती बसमधून उतरली ती मान खाली घालून. दप्तर उघडलं तर माझं कार्ड तसंच.

"दिलं नाहीस?"

"मी तिला सांगितलं, तुझे आजोबा संपफोडे आहेत, म्हणून तुला कार्ड नाही."

"सगळ्यांसमोर?"

"हो. ती रडली. मग म्हणाली, मी तुला दिलेलं कार्ड परत दे. मी दिलं." दप्तर बंद करत म्हणाली, "येताना ती मागे जाऊन बसली."

मी तिला तशीच गाडीत घातली आणि मॅटिलांच्या दारात नेली. दार अर्वोनंच उघडलं. इतकं ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कुणी राक्षस होता. समोर कानात यंत्र घातलेला, लोकरीच्या मोज्यांतला वाळका म्हातारा उभा. त्याच्यामागे कायसा, डोळे लाल.

"ज्युनीला माफी मागायची आहे," मी म्हणाले. ज्युनीनं कार्ड पुढे केलं.

त्यानं ते घेतलं, लांब धरून वाचलं. "पर्कोंची नात ना तू?"

ज्युनीनं मान हलवली.

"माझी बायको गेली तेव्हा दोन गावं जेवायला आली होती. तुझी आजी नाही आली. लग्नात करवली होती ती माझ्या बायकोची." मग माझ्याकडे वळला. "आता पोरीला शिकवून पाठवायला लागलात?"

"मी नाही शिकवलं. लहान आहेत हो दोघी."

"आमचीही लहानच आहे. दुपारपासून जेवली नाही."

त्यानं कार्ड ज्युनीच्या हातात परत ठेवलं आणि दार लावून घेतलं. दार लागेपर्यंत कायसा जागची हलली नाही.

गाडी मी तशीच घराकडे वळवली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी कमीपणा घेऊन गेले, त्या घराची बाजू घेऊन सासूशी भांडले, आणि त्या म्हाताऱ्यानं माझ्या पोरीच्या तोंडावर दार लावलं.

अल्बिना टेबलाशीच बसलेली होती. कुठे गेला होतात, असं तिनं विचारलं नाही. ज्युनीनं कोट न काढताच ते वाकडंतिकडं कार्ड टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई, मी उद्या कायसाशी बोलू की नको?"

उत्तर मला माहीत होतं. उद्या पुन्हा जा, पुन्हा माफी माग, ती ऐकेपर्यंत माग, हेच ते उत्तर होतं.

"काही गरज नाही," मी म्हणाले. "त्या लोकांशी बोलायचंच नाही."

अल्बिना उठली. फळीवरून दुसरा कप काढला, त्यात कॉफी ओतली आणि माझ्यासमोर ठेवली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी ती प्यायले.