लाल की पांढरं

धाडच्या आठवडी बाजारात माझी शालूमावशी मिरची विकते. तिचा आवाज जीप उभ्या राहतात तिथपर्यंत जातो. भाव पाडून मागणाऱ्याची ती अशी फिरकी घेते, की तो मिरचीही नेतो अन् वर माफीही मागतो. दवाखान्यात शिरली की मात्र हीच बाई मुकी होते आणि तिच्या नवऱ्याला, आमच्या इंद्रभानकाकांना, कंठ फुटतो.

गावातल्या डॉक्टरला काका दर खेपेला एवढंच सांगत, "तिच्या अंगावरून जाते." आपल्याकडे पांढरं गेलं तरी हेच म्हणतात आणि पाळीत रक्त जास्त गेलं तरी हेच. आता 'लाल' म्हणायचं तर काकांची इज्जत जाणार! डॉक्टरनेही विचारलं नाही. पोटाला हात नाही, मावशीकडे नजर नाही. पांढरं समजून गोळ्या देत राहिला. पाळीगणिक मावशी फिकी पडत गेली, तेव्हा साहेब म्हणाले, पिशवी खराब झाली, काढून टाका. अहो, ते गर्भाशय आहे. किराणावाला रिकामं पोतं फेकतानाही आत डोकावतो. यांना तेवढीही तसदी नको. काका मात्र ऑपरेशनला तयार.

मग एका बाजाराच्या दिवशी मावशी चक्कर येऊन मिरचीतच कोसळली. मी तिला बुलढाण्याला बाई डॉक्टरकडे नेलं, काकाही सोबत आले. बाईंनी मावशीला त्रास विचारला आणि काकांनी "अंगावरून" म्हणताच आम्हा दोघांनाही बाहेर काढलं.

आत काय झालं ते मावशीने मग सांगितलं. लाल की पांढरं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं. गुठळ्या पडतात का, पॅड किती लागतात, तेही. पोट दाबून पाहिलं, आतून तपासलं, अंगात रक्त किती ते पाहिलं, मग सोनोग्राफी. गर्भाशयाच्या भिंतीत गाठ निघाली. गाठ म्हटल्यावर मावशीने कॅन्सरच धरला. बाई म्हणाल्या, ही फायब्रॉइडची दिसते, अशी गाठ सहसा कॅन्सरची नसते. आधी रक्तस्राव आवरू, रक्त वाढवू. पुढचं गाठ केवढी, कुठं आणि त्रास किती यावर. पिशवी काढणं हाच एक इलाज नाही.

मावशी बाहेर येताच काकांनी बाकावरून उठत मलाच विचारलं, "मंग पिशवी कव्हा काढाची म्हनते?"

"त्याले काऊन इचारता?" मावशी म्हणाली. "पिशवी माही हाये. काढाची का ठेवाची, मी सांगीन."